वजनकाटा मोंढ्यातच राहू द्या

लातूरच्या आडत बाजारात काय किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यात काय, संगणक विकणाऱ्यांचं सध्या एकच पालुपद ऐकू येतं: सगळा कारभार क्लाउडवर न्या. सर्व्हरचा खर्च वाचेल, हंगामाचा ताण पेलेल, डेटा सुरक्षित राहील. यातला एकही दावा निखालस खोटा नाही. पण आडत आणि डाळमिलच्या धंद्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

हंगामाचा मुद्दा आधी घेऊ, कारण तोच चटकन पटतो. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन येऊ लागतं, संक्रांतीच्या आगेमागे तूर. आवक कित्येक पटींनी वाढते, मग संगणकाची ताकदही वाढायला नको का? नको. एका पट्टीत असतं काय? शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हातात पडणारी रक्कम. दिवसाला हजार पट्ट्या फाडल्या तरी साध्या संगणकाला त्याचं काहीच वाटत नाही. हंगामात घाम फुटतो तो मुनिमाला आणि हमालाला.

ज्याच्यावरचा भार खरोखरच एका क्षणी उसळतो असा धंदा लातुरात आहे. फक्त तो बाजारात नाही, शिकवणीवर्गांत आहे. नीटची ऑनलाइन सराव परीक्षा ठरल्या मिनिटाला सुरू होते, हजारो पोरं एकदम प्रश्नपत्रिका उघडतात आणि तीन तासांनी सगळं शांत. त्या तीन तासांसाठी यंत्रं विकत घेऊन बाकीचा दिवस ती रिकामी ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. ॲमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत आपलं केंद्र उघडलं, त्याआधीच मायक्रोसॉफ्ट पुण्यात आलं होतं. क्षमता तासांवर भाड्याने मिळते. अशा वर्गचालकाने क्लाउडवर जाण्याआधी फार विचार करत बसू नये.

भार वर्षभर सारखाच असेल तर मात्र गणित उलटतं. ड्रॉपबॉक्सने ॲमेझॉनकडचा बहुतेक डेटा स्वतःच्या यंत्रांवर आणला आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचल्याचं 2018 च्या शेअरविक्रीच्या कागदपत्रांत नमूद केलं. ती बडी कंपनी, पदरी शेकडो इंजिनिअर; तिची नक्कल डाळमिलने करू नये हे कबूल. पण ‘क्लाउड म्हणजे स्वस्त’ हे समीकरण मोडायला तेवढं पुरे.

राहिली सुरक्षितता. मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिनिधीचं क्लाउडवरचं खातंच गुगलच्या चुकीने पुसलं गेलं. सहा लाखांवर सभासदांचा तो निधी सावरला, कारण एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेली होती. त्याच वर्षी जुलैअखेरीस सी-एज या सेवापुरवठादाराशी जोडलेल्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे 300 छोट्या सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार अडकले. त्या बँकांच्या शाखांत काहीही बिघडलेलं नव्हतं.

याचा अर्थ ‘आपला डेटा आपल्या गल्ल्यात’ म्हणणारे शेठजी बरोबर ठरतात असा नाही. त्यांचा बॅकअप एका पेनड्राइव्हवर, तो पेनड्राइव्ह संगणकाखालच्या खणात, आणि बहुधा तो संगणकालाच खोचलेला. व्हायरसने एकीकडे कुलूप घातलं की दुसरीकडेही बसतंच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीने जे दाखवलं ते लातूर जिल्ह्याला तरी नव्याने सांगायला नको: छत कोसळतं तेव्हा मूळ वही आणि तिची नक्कल एकाच ढिगाऱ्याखाली जातात. म्हणून बॅकअपची एक प्रत आजच बाहेर गेली पाहिजे. नांदेडकर दवाखान्यासाठी हैदराबाद गाठतातच, तिथे डेटा ठेवायला काय हरकत आहे? शिवाय ज्यांची फर्म नोंदणीकृत कंपनी आहे त्यांना पर्यायच नाही. हिशोब संगणकावर असेल तर त्याचा बॅकअप दररोज भारतातल्या सर्व्हरवर हवा, असं ऑगस्ट 2022 पासून नियमच सांगतो.

वजनकाटा मात्र जागेवरच राहावा. कोणी म्हणेल, ई-वे बिलासाठी इंटरनेट लागतंच, मग काट्याचाच एवढा बाऊ का? बिल तासभर उशिरा निघालं तर भरलेला ट्रक तेवढा वेळ उभा राहतो. रस्ता खोदताना केबल तुटून काटाच बंद पडला, तर औशाहून पहाटे निघालेला ट्रॅक्टर, त्यामागची रांग, हमालांची टोळी, सगळं ठप्प. काटा आणि पट्टी इंटरनेटविना चालली पाहिजेत. नेट आलं की नोंदी मागाहून वर जाव्यात.

मग हिशोब कधी हलवायचा? नांदेडची पेढी लातुरात गोदाम घेते, दोन्हीकडे टॅली चालतं, रात्री फाइल ई-मेलने इकडून तिकडे जाते आणि मार्चमध्ये सीएसमोर एकाच खात्याच्या दोन वेगळ्या बाकी येतात, तेव्हा. एकाच दुकानात एकच मुनीम असेल तर घाई कशाला? त्यातही भाडेकरार नीट वाचावा. जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपाव्या लागतात. तिसऱ्या वर्षी भाडं थांबवलं तर मागचा सगळा हिशोब कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळेल, हे विक्रेत्याकडून सही करण्याआधी कागदावर घ्यावं.