अनंताच्या दिवशी

आमच्या आजीला तारखा ठाऊक नसत. तिचा हिशेब तिथीचा, नाहीतर प्रसंगाचा. थोरली आत्या झाली ती ‘रझाकारीत’, धाकट्या काकांचं लग्न ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली’. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची प्रभातफेरी काढून आम्ही घरी आलो की ती हमखास विचारायची, “आज अनंत हाय का रे?” आम्ही हसायचो. पुढे कधीतरी जुन्या पंचांगात पाहिलं. १९४८ साली १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशीच होती.

घरातली कथा सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, जालना मात्र निजामाच्या मुलखात. तिरंगा लावणं हाच गुन्हा. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. रझाकारांचा जाच वाढला तसे लोक रातोरात बैलगाड्या जुंपून वऱ्हाडात निघाले. वऱ्हाड म्हणजे काही लांब नव्हे, हे इथलं देऊळगाव राजा. पण मधे करोडगिरीचा नाका, आणि पलीकडे निजामाच्या हाली नाण्याला किंमत कमी. सहा कलदारांना, म्हणजे इंग्रजी रुपयांना, सात हाली मोजावे लागत. हा बट्ट्याचा हिशेब आजोबांना शेवटपर्यंत तोंडपाठ होता, तोही उर्दूत, कारण त्यांची शाळा उर्दूतली. मराठी अक्षर मात्र मुंग्या चालल्यासारखं. ढाक्यातल्या पोरांनी बंगालीसाठी २१ फेब्रुवारी १९५२ ला छातीवर गोळ्या झेलल्या, तोच दिवस युनेस्कोनं पुढे मातृभाषा दिन ठरवला, हे मी एकदा त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “त्यांच्यावर बी उर्दूच लादली व्हय?” आणि पान मागितलं.

१९४८ साली आजीनं महालक्ष्म्या देऊळगावात, परक्याच्या ओसरीवर बसवल्या. मुखवटे जालन्याच्या घरी, बळदात दडवलेले. मग दोन तांब्यांवर हळदीकुंकवानं नाक-डोळे काढले आणि त्यांनाच लुगडी नेसवली. सोळा भाज्या कुठून आणणार? आजी म्हणायची पाच मिळाल्या, आत्या म्हणते सात. “ज्वारी उसनी होती, पर आंबील फक्कड झाली,” यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

महालक्ष्म्या उठल्या आणि १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १५ तारखेला त्या जालन्यात होत्या. १७ ला संध्याकाळी निजामानं रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली. आजी सांगायची, मी यांच्या दंडाला चौदा गाठींचा दोरा बांधत होते, तेवढ्यात कोणीतरी ओरडत आलं. आता अनंताची पूजा सकाळची आणि बातमी संध्याकाळची. पण तिच्या मनात दोन्ही एकाच गाठीत बसलेल्या होत्या, त्या सोडवायला आम्ही कधी गेलो नाही.

परतल्यावर बळदातले मुखवटे जसेच्या तसे निघाले. शेजारच्या चाचीचं घर मात्र सताड उघडं, आत कोणी नाही. फौजांच्या या ‘पोलीस ॲक्शन’नंतर मराठवाड्यातल्या निरपराध मुसलमानांवरही बेतलं. त्याच्या चौकशीला पंडित सुंदरलालांची समिती आली होती. सभांमधून याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आजीही इथं थांबायची. “चाची ईदेला शिरखुर्मा धाडायची,” एवढंच म्हणायची आणि वाती वळायला घ्यायची. ती वाटी आमच्याकडेच राहिली. काठ चेपलेली, कल्हईची. आजीनं तिच्यात कधी काही वाढलं नाही.

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा आजोबा म्हणाले, “आता महाराष्ट्र दिनाला आपल्याकडं दोन वाढदिवस.” आजीनं कौतुकानं शिरा केला. तारीख तिला तेव्हाही विचारूनच घ्यावी लागली.

२०२४ साली १७ सप्टेंबर आणि अनंत चतुर्दशी पुन्हा एकाच दिवशी आली. सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी मोती तलावाकडे गणपती. घरात दोऱ्याच्या चौदा गाठी कोणालाच नीट मारता येईनात; ते काम आजीचं होतं. शेवटी बाजारातून तयार दोरा आणला.