विमानाची रोजनिशी

मराठीत विमानविद्येचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव येतेच. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, असे सांगितले जाते. पण त्या दिवसाची विश्वासार्ह समकालीन नोंद पुढे आलेली नाही. त्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्रा’तील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. तरीही वाद मिटत नाही, कारण अभिमानाला पुरावा लागत नाही.

स्पर्धेला मात्र लागतो. जून १९१४ मध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर विमान-सुरक्षिततेची स्पर्धा झाली. एकवीस वर्षांच्या लॉरेन्स स्पेरीने परीक्षकांसमोर दोन्ही हात वर केले आणि त्याचा यांत्रिक चालत्या विमानाच्या पंखावर गेला. जायरोने तोल सावरला. स्वयंचलित उड्डाणाचा दावा तिथे डोळ्यांदेखत सिद्ध झाला. १९९१ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक विद्यापीठात विद्यार्थ्यांची हवाई यंत्रमानवांची स्पर्धा सुरू झाली. एक चकती उचलून मैदानाच्या पलीकडे नेण्याचे काम पूर्ण स्वयंचलितपणे व्हायला १९९५ उजाडले. आपल्याकडे आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज ही कंपनी काढली. तिचे ‘स्विच’ हे स्थिरपंखी असूनही उभे वर चढते, म्हणजे त्याला धावपट्टी लागत नाही.

धावपट्टीची अडचण आम्हा कामणकरांना सांगायला नको. एकीकडे तुंगारेश्वर-कामणदुर्गाचे डोंगर, दुसरीकडे गाळे, वस्ती आणि रेल्वे. आता कामण-भिवंडी रस्त्यावर अभियांत्रिकीची मुले दिसतात. त्यांनी स्पर्धेसाठी तीन किलोचे, अर्धा चौरस मीटर पंखांचे विमान केले, तर ते हवेत टिकण्यासाठी ताशी सुमारे ३२ किलोमीटर वेग लागेल. ताशी ५४ किलोमीटर वेगाने, तीस अंश कलून वळायचे तर वळणाची त्रिज्या चाळीस मीटर होईल. शिवाय विमानातला वायुभारमापक उंची मोजतो ती उड्डाणस्थळापासून. कामणदुर्ग दोन हजार फुटांहून उंच आहे. १२० मीटर उंचीची आज्ञा घेतलेले विमान डोंगराकडे सोडले, तर ते आज्ञा तंतोतंत पाळत उतारावर आदळेल. डोंगराची उंची त्याला आधी कोणीतरी सांगावी लागते.

कागदपत्रे चाळण्यात आयुष्य गेलेल्या मला या विमानातले सर्वांत मोलाचे वाटते ते नखाएवढे मेमरी कार्ड. किती कलायचे होते आणि किती कलले, वेग किती, बॅटरीत जोर किती, उपग्रह किती दिसत होते, हे सारे क्षणाक्षणाला त्यावर उतरते. इतिहासात फर्मान बहुधा उरते. त्याचा अंमल झाला की नाही, हे शोधताना आमची दमछाक होते. इथे फर्मान आणि अंमल एकाच पानावर सापडतात. पडलेल्या विमानाचीही शेवटच्या क्षणापर्यंतची हकिकत त्यात असू शकते.

पण मुले चार वर्षांत पदवी घेऊन जातात आणि कार्ड पुसून दुसऱ्या कामाला लागते. महाविद्यालयांनी ढाली-करंडकांच्या कपाटात एक खण या नोंदींसाठी ठेवावा, मोडलेल्या पंखांचे फोटो आणि वजनाचे तक्तेही त्यात असावेत. म्हणजे शंभर वर्षांनी कोणी विचारले की इथे खरेच काही उडाले होते का, तर त्याला दंतकथेवर भागवावे लागणार नाही.