आदिवासींचा क्रीडासहभाग (तळेगाव दाभाडे परिसर)

तळेगाव दाभाडे आणि त्यालगतच्या अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या खोऱ्यांत राहणाऱ्या ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजांना खेळ, व्यायाम आणि करमणूक यांच्या सार्वजनिक सोयींचा लाभ मिळावा, म्हणून शासन, शाळा व स्वयंसेवी संस्था यांच्यामार्फत होणारे प्रयत्न या शीर्षकाखाली येतात. पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र, म्हणजे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार आदिवासींसाठी विशेष प्रशासनाची तरतूद असलेला प्रदेश, आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील गावांपुरते मर्यादित असून मावळ तालुका त्याबाहेर राहतो. जिल्ह्याचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयही आंबेगाव तालुक्यात घोडेगाव येथे आहे. आश्रमशाळा, म्हणजे आदिवासी विकास विभागाच्या निवासी शाळा, आपल्या विद्यार्थ्यांच्या क्रीडास्पर्धा प्रकल्प, विभाग व राज्य अशा चढत्या पातळ्यांवर घेतात. मात्र वस्तीवरून गावच्या शाळेत जाणाऱ्या मुलांना सर्वसाधारण शालेय स्पर्धांतूनच पुढे यावे लागते.

कातकऱ्यांची अडचण याहून बिकट आहे. कोलाम व माडिया गोंड यांच्याप्रमाणे विशेष असुरक्षित आदिवासी गटात गणल्या गेलेल्या या समाजातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर वा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, त्यामुळे मुलांची शाळा तुटते व तिच्याबरोबर सरावही तुटतो. डोंगरातल्या मुलांत काटकपणा उपजतच असतो हा समज क्रीडाक्षेत्रात रूढ आहे. तो कौतुकाचा असला, तरी पुरेसा आहार, बूट आणि नियमित मार्गदर्शन यांची उणीव त्याखाली सहज झाकली जाते.

राज्यातील ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांचे होय. त्यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. पुढे आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केले. हे यश मोठे असले तरी असे उपक्रम निवडीचे आहेत. ज्यांना पदक मिळवायचे नाही, केवळ खेळायचे आहे, अशांचा विचार त्यांत होत नाही. ठाकरांच्या कांबड नाचासारखी सामूहिक करमणूकही क्रीडायोजनांच्या हिशेबात धरली जात नाही आणि ती ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ या रकान्यात जाते.

तळेगाव–चाकण पट्ट्यातील मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा, २०१३ नुसार मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वासाठी खर्च करावी लागते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक व ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. वस्तीजवळच्या मैदानाचा मात्र त्यात नामोल्लेख नाही, आणि डोंगरउतारावरच्या ठाकरवाडीत सपाट जागाच मुळात दुर्मिळ असते.