दुधाच्या वहीतले शब्द

आमच्या दुधाच्या वहीत पुढून दुधाचा हिशेब असे आणि मागून मुलाचा. १९८६ च्या वहीत शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय: 'भुभू – कुत्रा, मांजर, शेजारच्यांची स्कूटर.' सासूबाई म्हणायच्या, "अगं, बोलायला तर लागणारच आहे तो, लिहून काय ठेवतेस?"

पण हा उद्योग माझ्या खूप आधीचा. जर्मनीत डीटरिश टीडमान यांनी आपल्या मुलाच्या वाढीच्या नोंदी १७८७ मध्ये छापल्या. डार्विननेही १८३९ साली जन्मलेल्या थोरल्या विल्यमची टिपणं ठेवली आणि १८७७ मध्ये 'माइंड' नियतकालिकात दिली. विल्यम बरोबर वर्षाचा झाला तेव्हा त्याने खाण्यासाठी स्वतःचा शब्द काढला: 'मम'. पुढे साखर झाली 'शु-मम' आणि काळं ज्येष्ठमध 'ब्लॅक-शु-मम'. वाचताना मला आमचं 'मंमं'च ऐकू आलं.

मोठी माणसं बाळांशी जे बोबडं बोलतात, तेही पुढे अभ्यासाचा विषय झालं. १९६४ मध्ये अशोक केळकरांनी मराठी बाळबोलीवर इंग्रजीत निबंध लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोली शेजारी ठेवून पाहिल्या. अरबी, स्पॅनिश यांच्या पंगतीत मराठीही होती.

या वह्यांमध्ये एक खोट होती. बाळाच्या तोंडून आलेलं तेवढं त्यांत उतरे, कानात साठलेलं निसटे. १९७१ मध्ये पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी चोखणीलाच यंत्र जोडलं. तोच तो आवाज ऐकून बाळ कंटाळलं की चोखणं मंदावायचं. 'ब'चा 'प' केला की पुन्हा जोरात सुरू व्हायचं. बाळं होती एक आणि चार महिन्यांची!

मग १९८४ मध्ये कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेकांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेना. पहिला शब्द फुटण्याच्या सुमारास कान घरच्या भाषेपुरता निवड करून बसलेला असतो.

नात आता वीस महिन्यांची आहे. ताटाला 'ताता' म्हणते. परवा मीही लाडाने म्हटलं, "ताता आण." कपाळाला आठ्या घालून ती माझ्याकडे बघतच राहिली. "ताट आण" म्हटल्यावर मात्र मांडणीतून दोन्ही हातांनी ताट ओढत आणलं.

वहीत लिहिलं: 'ताता – ताट.' आणि शेजारी पेन्सिलीने: 'ट कानात आहे.'