उन्हाळी

परभणीचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना 'उन्हाळी लागणं' म्हणजे काय ते सांगायला नको. लघवीला जळजळ, घडीघडीला जावंसं वाटतं आणि गेलं की चार थेंब. आमची आई रात्री धने-जिरे भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी खडीसाखर घालून द्यायची. उन्हात पाणी कमी पडून जळजळ होत असेल तर उतार पडायचाही. जंतूंमुळे होणारी उन्हाळी वेगळी, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

बायकांच्या बाबतीत तर हा विषय घरातसुद्धा निघत नसे. कापूस वेचायला जाणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही, कारण आडोसा नाही. मी ज्या शाळेत होतो तिथे कित्येक वर्षं मुलींसाठी धड सोय नव्हती. मुली घरून निघाल्यापासून पाण्याला शिवत नाहीत, हे मला एका सहकारी बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. रोज हजेरी घेणारा मी, आणि हे दिसलं नाही.

असो. सांगायचं होतं ते गेल्या उन्हाळ्याचं. आमच्या सौ.ला त्रास सुरू झाला. दोन दिवस धन्याचं पाणी झालं. मग मी नेहमीप्रमाणे जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेलो आणि नॉरफ्लॉक्सासिनची पट्टी आणली. काही फरक नाही. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लघवीचं कल्चर करायला लावलं, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर एकेक औषध टाकून बघायचं.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. जंतू ई. कोलाय. हा आपल्या आतड्यात एरवी मुकाट्याने राहणारा. १८८५ साली एश्चरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञाने शोधलेला. तो मूत्रमार्गात शिरला की उपद्रव, आणि बायकांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना जास्त. त्याच्या नावाखाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे 'एस' किंवा 'आर'. जन्मभर निकालपत्रकं भरलेला माणूस मी. मला वाटलं, आर म्हणजे जंतू नापास. डॉक्टर म्हणाले, "सर, नापास औषध झालंय." अँपिसिलिन आर. कोट्रायमॉक्साझोल आर. नॉरफ्लॉक्सासिन आर. सेफिक्झाइम आर. खाली दोन-चार एस उरलेले.

माझ्या लहानपणी पेनिसिलिन म्हणजे चमत्कार होता. कंपाउंडर स्टीलच्या डबीत सुई-सिरिंज उकळायचा आणि सगळं गाव भोवती उभं राहायचं. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. आपल्या देशात पेनिसिलिन बनतंय याचा केवढा अभिमान होता तेव्हा!

पण पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने त्याच्या नऊ वर्षं आधीच, डिसेंबर १९४५ मध्ये, नोबेलच्या व्याख्यानात एक गोष्ट सांगून ठेवली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून थोडंसं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. जबाबदार कोण, तर नवरा. 'शिकवणं' हे क्रियापद फ्लेमिंगने जंतूंसाठी वापरलंय. मास्तराला ते फार लागलं.

कारण तो नवरा मीच की! १९९० नंतरची किती वर्षं मी हेच केलं. पोट बिघडलं, दोन गोळ्या. जळजळ झाली, दोन गोळ्या. बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. शेजाऱ्यांनाही त्यातूनच उदारपणे वाटल्या आहेत. डॉक्टरांना विचारलं, हिचं हे दुखणं माझ्यामुळे का? ते म्हणाले, "असं एका माणसावर बोट ठेवता येत नाही. पण प्रत्येक वेळी गोळी घेतली की आतड्यातले साधे जंतू मरतात आणि चिवट तेवढे राहतात." मला हे उत्तर पुरेसं दिलासा देणारं वाटलं नाही.

जंतू आपसात विद्याही वाटतात. १९५९ च्या सुमारास जपानमधल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की आमांशाच्या जंतूंना एकदम तीन-चार औषधं लागू पडेनाशी झाली आहेत, आणि हा गुण शेजारच्या ई. कोलायकडूनही त्यांच्याकडे येऊ शकतो. दहावीच्या परीक्षेत चिठ्ठी मागच्या बाकावर सरकते ना, तसंच. फरक एवढाच की इथे देणाऱ्याकडची चिठ्ठीही त्याच्याकडेच राहते.

अशीच एक चिठ्ठी आपल्या राजधानीच्या नावाने जगभर गाजली. २००८ साली स्वीडनमध्ये राहणाऱ्या, दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत असा जंतू सापडला की राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधंही त्याच्यापुढे निष्प्रभ. त्या जनुकाला नाव पडलं एनडीएम-१, त्यातलं पहिलं अक्षर 'न्यू'चं आणि दुसरं डी 'दिल्ली'चं. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात त्यावर मोठा लेख आला आणि आपल्याकडे नावावरून गदारोळ झाला. देशाची बदनामी वगैरे. पण त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय नियतकालिकातच छापलं होतं की कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये हेच जनुक आहे. ते आपल्या लोकांनीच प्रामाणिकपणे लिहिलेलं. नावावर भांडलो तेवढं त्या आकड्यावर भांडलो असतो तर? मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' आलं. त्यातली बरीच अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची. मला जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मिळाल्या, त्यावरून कागदावरचं आणि काउंटरवरचं अंतर कळतं.

सौ.च्या यादीत जे पास झालं ते नायट्रोफ्युरँटॉइन. १९५३ पासून वापरात आहे, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचं! ते लघवीत साठतं आणि जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून जंतूला तोड शोधणं जड जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं. या वयात मूत्रपिंडं ठीक आहेत ना, हे रक्त तपासून पाहिल्यावरच त्यांनी गोळी दिली. पाच दिवस. सहाव्या दिवशी ही अंगणात तुळशीला पाणी घालताना दिसली.

नवी औषधंही निघतायत, आणि तीही आपल्या मराठवाड्यात. छत्रपती संभाजीनगरच्या वोक्हार्टच्या संशोधन केंद्रातून आलेल्या सेफेपिम-झिडेबॅक्टम या जोडीची मोठी चाचणी मूत्रमार्गाच्या गुंतागुंतीच्या संसर्गावरच झाली. वाचून बरं वाटलं. पण असं औषध तयार व्हायला दशक-दोन दशकं जातात, आणि ते शिकवून निकामी करायला आमच्यासारखे गृहस्थ बसलेलेच आहेत.

परवा औषधांचा डबा खाली काढला. अर्धवट सात पट्ट्या निघाल्या, दोनांवरची तारीख तर केव्हाच उलटून गेलेली. मी रिकामी घरं मोजत बसलो होतो. ही म्हणाली, "अहो, आता मोजून काय करता? द्या इकडे." डबा घासून तिने त्यात सुईदोरा ठेवलाय.