वाहतूक कॅमेरे आणि नागरी स्वातंत्र्य : बर्मिंगहॅममधील ‘प्रोजेक्ट चॅम्पियन’चा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

शहरातील वाहतुकीचे नियंत्रण आज बऱ्याच अंशी यंत्राच्या स्वाधीन झाले आहे. वाहनाचा क्रमांक वाचणारे, सिग्नल मोडणाऱ्याची नोंद घेणारे, चालकाच्या हातातील मोबाईल ओळखणारे कॅमेरे अनेक शहरांत बसविण्यात आले आहेत. त्यांमुळे नागरी स्वातंत्र्याचा संकोच होतो काय, हा प्रश्न बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने चर्चिला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी बर्मिंगहॅम या ब्रिटिश शहरात २०१० मध्ये घडलेल्या प्रकरणाची निवड केली आहे. कॅमेरा काय पाहतो यापेक्षा त्याचा घोषित हेतू व प्रत्यक्ष हेतू यांत अंतर पडते तेव्हाच स्वातंत्र्याला खरा धोका उत्पन्न होतो, असे या प्रकरणावरून दिसून येते.

पार्श्वभूमी

वाहनक्रमांक आपोआप वाचणारे तंत्र ब्रिटिश पोलिसांच्या वैज्ञानिक संशोधन शाखेत १९७६ मध्ये विकसित झाले. चोरीच्या वाहनांचा शोध हा त्याचा आरंभीचा उपयोग होता. एप्रिल १९९२ व एप्रिल १९९३ मध्ये आयरिश रिपब्लिकन आर्मीने लंडनच्या व्यापारी केंद्रात, म्हणजे ‘सिटी’ विभागात, प्रचंड स्फोट घडविले. त्यानंतर त्या भागाभोवती तपासणी नाक्यांचे व कॅमेऱ्यांचे कडे उभारण्यात आले आणि १९९७ मध्ये त्यास क्रमांकवाचनाची जोड मिळाली.

फेब्रुवारी २००३ मध्ये लंडनमध्ये गर्दीशुल्क सुरू झाले. मध्य लंडनमध्ये येणाऱ्या वाहनांकडून शुल्क वसूल करण्यासाठी कॅमेरे बसविले गेले. हेतू निव्वळ वाहतुकीचा होता. परंतु जुलै २००७ मध्ये गृहमंत्र्यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव माहिती संरक्षण कायद्यातील काही तरतुदींपासून लंडनच्या पोलिसांना सूट दिली आणि याच कॅमेऱ्यांची माहिती त्यांना तत्क्षणी उपलब्ध झाली. यंत्र तेच राहिले, हेतू मात्र पालटला.

या तंत्राची उपयुक्तता नाकारता येणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये ब्रॅडफर्ड येथे दरोड्याच्या वेळी एका महिला पोलीस शिपायाची हत्या झाली, तेव्हा पळून जाणाऱ्या मोटारीचा माग याच कॅमेऱ्यांनी लावला. अशा यशामुळे तंत्राच्या विस्तारास बळ मिळाले. देशभरातील नोंदी एकत्र साठविणारे राष्ट्रीय केंद्रही त्याच सुमारास उभे राहिले. हा सारा विस्तार संसदेने स्वतंत्र कायदा न करताच झाला, ही बाब लक्षणीय आहे.

बर्मिंगहॅमचे प्रकरण

२०१० च्या पूर्वार्धात बर्मिंगहॅममधील स्पार्कब्रुक व वॉशवुड हीथ या वस्त्यांभोवती कॅमेऱ्यांचे खांब उभे राहू लागले. या वस्त्यांत मुस्लीम, विशेषतः पाकिस्तानी वंशाचे, नागरिक मोठ्या संख्येने राहतात. दोनशेहून अधिक कॅमेऱ्यांची ही योजना होती. त्यांपैकी बरेचसे कॅमेरे वाहनक्रमांक वाचणारे होते, तर सत्तरहून अधिक कॅमेरे गुप्तपणे बसवावयाचे होते. वस्तीत येणाऱ्या व वस्तीतून बाहेर पडणाऱ्या वाहनाची नोंद व्हावी, अशी त्यांची रचना होती.

गुन्हेगारी व उपद्रव रोखण्यासाठी ही योजना असल्याचे नागरिकांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात सुमारे ३० लाख पौंडांचा निधी पोलीस अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेमार्फत दहशतवादविरोधी कामासाठी आला होता. स्थानिक नगरसेवकांनाही याची पूर्ण कल्पना देण्यात आली नव्हती. स्थानिक रहिवाशांनी, नागरी हक्क संघटनांनी व वृत्तपत्रांनी प्रश्न विचारल्यावर जून २०१० मध्ये हे उघडकीस आले. सभा झाल्या, न्यायालयात जाण्याचा इशारा देण्यात आला आणि कॅमेऱ्यांवर पिशव्या चढविण्यात आल्या.

थेम्स व्हॅली पोलिसांच्या प्रमुख सारा थॉर्नटन यांनी केलेल्या स्वतंत्र परीक्षणाचा अहवाल सप्टेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. योजनेचा खरा हेतू झाकला गेला, लोकांशी सल्लामसलत झाली नाही, कायदेशीर चौकटीचा पुरेसा विचार झाला नाही आणि त्यामुळे पोलिसांवरील विश्वासास गंभीर हानी पोहोचली, असा त्याचा आशय होता. वेस्ट मिडलंड्सच्या पोलीस प्रमुखांनी माफी मागितली. २०११ मध्ये कॅमेरे उतरविण्यात आले. त्यांचा वापर कधी सुरूच झाला नाही.

दोन युक्तिवाद

सार्वजनिक रस्त्यावर जे कोणत्याही शिपायास दिसू शकते तेच कॅमेरा टिपतो, मग स्वातंत्र्याचा भंग कोठे होतो, असा एक युक्तिवाद केला जातो. तो वरवर पाहता सयुक्तिक वाटतो. परंतु शिपाई पाहतो आणि विसरतो. यंत्र नोंद ठेवते आणि एका नोंदीस दुसरी जोडते. मशिदीकडे, दवाखान्याकडे वा सभेकडे कोण किती वेळा गेले, हे अशा जोडणीतून समजते. दुसरा युक्तिवाद सुरक्षिततेचा आहे. तो निराधार नाही. मात्र ब्रिटिश पोलीस परंपरा स्वतःस लोकसंमतीवर आधारलेली मानते. एका समाजाची वस्तीच संशयित ठरविली की, ज्यांच्याकडून पोलिसांना माहिती मिळावयाची तेच लोक दुरावतात. अशा वेळी स्वातंत्र्याबरोबर सुरक्षिततेचीही हानी होते.

परिणाम

या वादानंतर २०१२ मध्ये ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ कायदा संमत झाला. त्यान्वये पाळत-कॅमेऱ्यांसाठी आयुक्तपद निर्माण झाले आणि २०१३ मध्ये आचारसंहिता आली. निश्चित हेतू, पारदर्शकता व सल्लामसलत ही तिची प्रमुख सूत्रे होत. त्याच वर्षी रॉयस्टन या लहान गावाचे प्रकरण निकाली निघाले. तेथे गावात येण्याजाण्याच्या सर्व रस्त्यांवर क्रमांकवाचक कॅमेरे होते. माहिती आयुक्तांनी ही पाळत बेकायदेशीर व अतिरेकी ठरविली.

तथापि या सुधारणेस मर्यादा आहेत. संहितेचे बंधन प्रामुख्याने पोलीस व स्थानिक संस्था यांच्यापुरते आहे. क्रमांकवाचनाच्या राष्ट्रीय व्यवस्थेत आज प्रतिदिन कोट्यवधी नोंदी होतात, तरीही तिच्यासाठी खास कायदा झालेला नाही. चालकाचा मोबाईल व सीटबेल्ट तपासणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कॅमेऱ्यांच्या चाचण्या इंग्लंडमध्ये २०२१ पासून सुरू झाल्या. हे कॅमेरे वाहनाच्या क्रमांकापुरते न थांबता वाहनाच्या आत पाहतात.

समारोप

बर्मिंगहॅममध्ये नागरिकांचा रोष कॅमेरा या वस्तूवर नव्हता. आपल्या नावाने एक कारण सांगून आपल्याविरुद्ध दुसरेच कार्य योजले गेले, याविषयी तो होता. तेथे कॅमेरे सुरू होण्यापूर्वीच प्रश्न विचारले गेले, म्हणून ते उतरविता आले. लंडनमध्ये हेतू पालटला तेव्हा कॅमेरे चार वर्षे चालू होते आणि शहराला त्यांची सवय झाली होती. म्हणून हा कॅमेरा कशासाठी, त्याची नोंद कोणाकडे व किती काळ राहणार आणि हेतू बदलल्यास संमती कोण देणार, हे प्रश्न खांब उभा राहण्यापूर्वी विचारले जाणे आवश्यक आहे, एवढा निष्कर्ष या इतिहासातून निश्चितपणे काढता येतो.