घरांतील हवेचा ओलावा

उन्हाळ्यांत दाराखिडक्यांना वाळ्याच्या तट्ट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडण्याची चाल हिंदुस्थानांत फार जुनी आहे. अबुल फजल यानें ‘आइने अकबरी’ या ग्रंथांत वाळ्याचीं घरें करवून त्यांवर पाणी टाकण्याच्या युक्तीचें श्रेय अकबर बादशहास दिलें आहे. दरबारी लेखकाची स्वामिभक्ति वजा केली, तरी सोळाव्या शतकांत ही युक्ति प्रचारांत होती, एवढें त्यावरून ठरतें. पाण्याची वाफ होतांना तें हवेंतील उष्णता ओढून घेतें, हें तिचें मर्म. परंतु तें साधतें कोरड्या हवेंत. वऱ्हाड-नागपुराकडे वैशाखांत सुख देणारी तीच तट्टी मुंबईस आणिली, तर हवा जेमतेम निवते आणि घर मात्र अधिक दमट होतें. कारण तेथील हवेंत आधींच पुष्कळ बाष्प असतें.

हें बाष्प किती, याचा निर्णय मनुष्याच्या त्वचेकडून नीट होत नाहीं. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनीं तें काम मनुष्याच्याच केसाकडे सोंपविलें. स्निग्धांश धुऊन काढलेला केस दमट हवेंत किंचित् लांबतो, कोरड्या हवेंत आखडतो. अगदीं शुष्क हवेपासून बाष्पानें तुडुंब भरलेल्या हवेपर्यंत हा फरक शेंकडा दोन-अडीचच काय तो! तेवढ्या हालचालीनें कांटा फिरवून सोस्यूर यांनीं आर्द्रतामापक सिद्ध केला व १७८३ सालीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

मापन साधलें, पण त्याचा लाभ प्रथम घरांस झाला नाहीं. लँकेशायरच्या विणकामाच्या गिरण्यांत सूत तुटूं नये म्हणून वाफ सोडीत, आणि कामगार तींत घामाघूम होत. अखेर १८८९ च्या कायद्यानें त्या दमटपणास मर्यादा घालावी लागली. उलट न्यूयॉर्क शहरांतील ब्रुकलिन येथें एका छापखान्यांत दमटपणानें कागद फुगे आणि रंगावर रंग बिनचूक बसत नसे. तेथें १९०२ सालीं विलिस कॅरिअर या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरानें थंड नळ्यांवरून हवा नेऊन तींतील पाणी काढून घेण्याची योजना आंखली. आर्द्रता शेंकडा ५५ राखावी, हा हेतु. सुतासाठीं बाष्प घातलें, कागदासाठीं काढलें; माणसाच्या श्वासाची पाळी मागाहून आली.

शेंकडा ५५ म्हणजे त्या उष्णतामानास हवा जितकें बाष्प धरूं शकेल, त्याच्या शंभरांतील ५५ वांटे. घरांत सामान्यतः ४० ते ६० हितकर मानितात. फार कमी झाल्यास नाक-घसा सुकतो. सतत अधिक राहिल्यास भिंतींवर बुरशी धरते, गाद्यांत धुळींतील सूक्ष्म कीटक वाढतात, आणि दमेकऱ्यास त्यांचा जाच होतो. पावसाळ्यांत खोलींत वाळत घातलेले कपडे व स्वयंपाकाची वाफ त्यांत भर घालितात. बाहेर पाऊस कोसळत असतां खिडक्या सताड उघडल्यानें हा ओलावा जातोच असें नाहीं. वाफ उठते तेथूनच ती पंख्यानें बाहेर घालविणें बरें. हवा निवाली कीं तिची बाष्प धरण्याची शक्ति घटते. म्हणून बाहेरच्या थंड, भिजलेल्या भिंतीस चिकटलेल्या कपाटामागें आर्द्रतामापक ठेविला, तर तो खोलीच्या मध्यापेक्षां बहुधा चढा आंकडा दाखवितो. पहिली बुरशीहि बहुतेक तेथेंच धरते.